वहीतली सतरावी विनंती

साखळी प्रार्थनेचं वेळापत्रक मी करते. ईस्टरच्या आधीच्या, दुःखसहनाच्या आठवड्यातला एक दिवस ठरवायचा, सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला एकाने चर्चमध्ये बसायचं आणि वहीत लिहिलेल्या विनंत्या एकेक करून प्रभूपुढे मांडायच्या. पुढचा माणूस आल्याशिवाय आधीच्याने उठायचं नाही. साखळी तुटता कामा नये. वही माझी, अक्षर माझं, कोणाला कोणता तास हेही मीच ठरवणार. फक्त माझ्या नावावर कधी तास नसे. मी फोन करणारी. "निघालात का? अजून घरीच?" जन्मभर श्रीरामपुरात शाळेच्या पोरांना रांगेत उभं केलं, आता मंडळीला करते.

मिस्टर गेल्यापासून तर पायाला भिंगरीच लागली होती. महिला मंडळ, संडे स्कूल, आजाऱ्यांच्या भेटी, लग्नातली गाणी बसवणं. लोक म्हणायचे, बाईंनी स्वतःला किती छान सावरलं. मी काहीही सावरलं नव्हतं. घरी जाऊन कुलूप उघडायचं, एकच कप चहा करायचा आणि माणसाचा आवाज हवा म्हणून टीव्ही लावायचा, हे मला होता होईल तो टाळायचं होतं. प्रार्थना मी रोज करत होते, पण दुसऱ्यांच्या घरी, दुसऱ्यांसाठी, आणि चारचौघांत नाव निघावं अशी. घरी एकटीने डोळे मिटले की शब्द फुटत नसे. तीन वर्षं हे असंच चाललं होतं. मंडळाच्या सचिवबाईंनाच, म्हणजे मलाच, प्रार्थना जमत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

यंदा दुपारी दोनच्या तासाला जे गृहस्थ होते, त्यांची गाडी पारनेरहून येताना वाटेत बंद पडली. एकच्या तासाला बसलेल्या बाईंच्या घरी पाहुणे खोळंबलेले. म्हणून मीच बसले. मोठा उपकार केल्यासारखी बसले, हेही सांगून टाकते.

सुरुवातीला मी चटई सरळ केली. गीतांची पुस्तकं एकसारखी लावली. फुलदाणीतलं पाणी बदललं. मग हाताला काही काम उरलं नाही. मोबाईल आत आणायचा नाही हा नियमही माझाच, त्यामुळे तोही नव्हता. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत पंख्याचा तेवढा आवाज. शेवटी वही उघडली आणि हजेरी घ्यावी तशी वाचत सुटले. अमक्यांच्या मुलाला नोकरी लागावी. तमक्यांच्या सुनेची सुखरूप सुटका व्हावी. सतराव्या ओळीवर आले आणि थांबले. "सचिवबाईंच्या पतीच्या प्रकृतीसाठी. डायलिसिस सुरळीत व्हावं म्हणून."

जुनी वही फाटते म्हणून दरवर्षी मी सगळ्या विनंत्या नव्या वहीत उतरवून काढते. बरे झालेल्यांची, वारलेल्यांची नावं आठवणीने गाळते. त्यात माझी कधी चूक होत नाही. आणि ही ओळ मी तीनदा उतरवली होती. कानाशी फोन, हातात पेन, आणि आपण काय लिहितोय याचा पत्ता नाही.

तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वर्षं इतकी माणसं ही वही वाचतात, चर्चचे पाळकसाहेबसुद्धा, आणि एकाला सांगावंसं वाटलं नाही? आमच्यात गेलेल्या माणसासाठी मागणं करत नाहीत. तो प्रभूच्या हाती गेला, आपलं काम संपलं. मग ही ओळ आल्यावर सगळे काय करत असतील? माझी कीव? मला भयंकर लाज वाटली.

पण रागवायला तिथे कोणी नव्हतं. मी ती ओळ पुन्हा वाचली आणि मोठ्याने म्हणाले, "प्रभू, ते नाहीत. मला घरी जावंसं वाटत नाही." एवढंच. पुन्हा तेच म्हणाले, आणखी कितीदा तरी म्हणाले. चारचौघांत नाव निघावं असं त्यात काही नव्हतं. रडले. तीन वाजले, सव्वातीन झाले, पुढचं माणूस आलं नाही, आणि पहिल्यांदाच मला त्याची घाई नव्हती.

साडेतीनला तीनच्या तासाच्या मावशी आल्या. देवळाली प्रवऱ्याच्या, खुरपणीला जातात, वही बोट ठेवून सावकाश वाचतात. "येष्टीच आली न्हाई वो बाई टायमात," म्हणाल्या. एरवी मी त्यांना चांगलं सुनावलं असतं. आता वही पुढे धरली आणि ती ओळ दाखवली.

"मावशी, हे तुम्ही वाचलं होतं?"

"व्हय. दरसाली वाचते."

"मग मला सांगायचं नाही? ते जाऊन तीन वर्षं झाली."

"म्हाईत हाय की. मातीला आल्ते मी."

"मग त्यांच्यासाठी मागता तरी काय?"

मावशी चटईवर टेकल्या, पदराने घाम पुसला. "त्यांच्यासाठी कशाला मागू? त्यांना आता काय कमी हाय? ती ओळ आली का आमी तुमच्यासाठी मागतो. समदीच. तुमी सवताचं नाव कवा लिव्हलंच न्हाई, मंग मागावं कुटं?"

मी पेन काढलं, ती ओळ खोडली आणि खाली माझं नाव लिहिलं. पुढे काय लिहावं ते सुचेना, म्हणून त्यांनाच विचारलं, इतके दिवस माझ्यासाठी काय मागत होता.

"लई न्हाई," मावशी म्हणाल्या. "बाईंना घरी करमू दे, येवढंच."

मी ते तसंच लिहिलं.