यल्ला, ऊठ!

तुटलेली गोष्ट तुटलेली राहू देणं ज्याला सहनच होत नाही असा अख्ख्या मस्कतात एकच माणूस आहे, आणि ते माझे साडू आहेत हे मी ओळख नसलेल्यांनाही सांगत फिरतो. वादी अदाईत ते आमच्या वरच्याच मजल्यावर राहतात. चहाला खाली आले की कप घेण्याआधी आमचा नळ गळत नाही ना ते बघतात. आमचा जुनापुराणा लॅपटॉप मी भंगारात काढत होतो, तर तो माझ्या हातातून हिसकावून त्यांनी त्यात लिनक्स ही फुकटातली, हलकी सिस्टीम घातली. "याला काय झालंय? अजून दहा वर्षं पळेल!" पळाला, पण त्याचं वायफाय सारखं तुटायचं. मग साडूंनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. दर दहा सेकंदांनी राउटर जागेवर आहे का ते बघायचं, नसेल तर वायफाय बंद करून पुन्हा चालू करायचं. एवढ्यावर थांबतील तर ते साडू कसले? त्यात त्यांनी स्वतःचा आवाज भरला. तुटलं की लॅपटॉप इथल्या अरबी 'चल, चल'सकट गरजायचा, "यल्ला, ऊठ!" आणि जोडलं की, "आलं बघ!"

एकदा आम्ही सगळे अल मवालेहला भाजीला गेलो असताना इमारतीची वीज गेली. राउटर बंद आणि लॅपटॉप बॅटरीवर. परतलो तर दारात ओमानी घरमालक घामाघूम. "अंदर कौन बीमार है? इतना क्यों उठाता है उसको?" साडूंनी त्याच संध्याकाळी प्रोग्रॅमला शिस्त लावली. तीन हाका, मग दहा मिनिटं गप्प.

माझ्या मुलीची पुण्याच्या कॉलेजसाठीची मुलाखत याच लॅपटॉपवर झाली. ती हुकली असती तर पोरीचं वर्ष गेलं असतं. मध्येच स्क्रीन गोठली. पोरगी पांढरीफटक. "यल्ला, ऊठ!" दाराबाहेर साडू, मी, दोघंही फटीला डोळे लावून. "आलं बघ!" हे मात्र पुण्यापर्यंत ऐकू गेलं. "कोण आलं?" पलीकडून एका बाईंनी विचारलं. "माझे काका," पोरगी म्हणाली, "म्हणजे... इंटरनेट." सगळे हसले आणि तिची भीतीच गेली. प्रवेश मिळाला. पेढे मी वाटले, पण ऊर साडूंचा भरून आला होता.

आता लॅपटॉप तिच्याबरोबर हॉस्टेलवर आहे. परवा साडू चहाला खाली आले असताना ती फोनच्या स्पीकरवर अडखळत्या मराठीत सांगत होती, "रूममेट म्हणते आवाज बंद कर. मी नाही केला. आठवड्यातून एकदा तरी काका... मला हाक मारतात."

साडूंनी चष्मा काढून पुसला.

"एकदाच?" ते म्हणाले. "म्हणजे तिकडचं वायफाय चांगलं आहे."

हे म्हणताना त्यांचा चेहरा मात्र साफ पडला होता.