मुडदुशीचे दात

आमच्या मांजरीच्या तोंडाला येणारा वास बोंबलाचा आहे, असं मी वर्षभर घरात सगळ्यांना ठणकावून सांगत होते. मालवणी घरातली मांजर, तिच्या तोंडाला काय केवड्याचा वास येणार? नात नाक मुरडायची, सून खिडकी उघडायची, आणि मी दोघींना वेड्यात काढायचे.

हा झाला अर्धा मूर्खपणा. उरलेला अर्धा याच्या वरताण आहे.

मुडदुशी म्हणजे आमच्याकडची एक लांबोडकी, सडपातळ मासळी. मांजर आली तेव्हा तशीच काडी होती, म्हणून तिचं नाव मुडदुशी. तर ही बया पुढ्यात मासा ठेवला की धावत यायची, तोंड लावायची आणि एकदम फिस्कारून पलंगाखाली पळायची. जणू ताटलीच तिला चावली. मासा ताजा की शिळा हे ठरवायचा मान आमच्या घरात पहिल्यापासून तिचाच. त्यामुळे मी सरळ निकाल लावला, मासा शिळा! तरातरा मुलुंडच्या बाजारात गेले आणि कितीतरी वर्षांच्या माझ्या कोळणीशी भांडले.

"अगो बाय, तुजी मांजर काय डाक्टर हाय, मावरं तपासाला?" ती सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाली.

मी कोळीण बदलली. मुडदुशी नव्या कोळणीच्या पापलेटावरही फिस्कारली. मी तिसरी शोधायला लागले. यातून माझी अक्कल तुमच्या लक्षात आली असेलच.

मग एका रविवारी माझी नात सई तिला मांडीवर घेऊन बसली होती. उठली तेव्हा तिच्या पांढऱ्या कुर्त्यावर लाळेचा डाग होता, आणि लाळेत रक्त. सईने मला काही विचारलंच नाही. मांजर पिशवीत घातली आणि स्टेशनजवळच्या प्राण्यांच्या दवाखान्यात नेली. मी मागोमाग गेले, बोंबलाची बाजू मांडायला.

डॉक्टरांनी मुडदुशीचा ओठ बोटाने वर केला. तिने जी किंकाळी मारली, ती मला अजून ऐकू येते. आत घशाकडचा भाग सोललेल्या डाळिंबासारखा लाल होता. दाढांवर पिवळं किटण, एका दाढेच्या जागी नुसता खड्डा.

"आजी, हिला भूक आहे. चांगली सडकून भूक आहे," डॉक्टर म्हणाले. "पण घास तोंडात गेला की अशी कळ जाते, की तिला वाटतं अन्नच आपल्याला चावलं. म्हणून ती फिस्कारते."

आजाराचं नाव 'स्टोमाटायटिस'. म्हणजे दातांवर जे किटण बसतं, त्याच्याशी शरीर इतक्या त्वेषाने भांडत सुटतं की हिरड्या आणि घसा दोन्ही सोलून निघतात. जोडीला 'टूथ रिसॉर्प्शन', म्हणजे दात मुळापासून आतल्या आत विरघळत जाणं. उपाय एकच सांगितला, भूल देऊन जवळजवळ सगळे दात काढायचे.

"मग ती खाणार कशी?" मी विचारलं.

"आत्ता दात आहेत म्हणून खात नाहीये. बिनदातांची मांजर मजेत जेवते."

मी माझी कवळी जिभेने चाचपली.

घरी येताना मला पार्ल्याची मी आठवले. कॉलेजात होते, डोक्यात हवा होती. आमच्या गल्लीत एक बाई होत्या, त्या आपल्या कुत्र्याचे दात ब्रशने घासायच्या. मी मैत्रिणींना त्याची नक्कल करून दाखवायचे. एकीला कुत्रा करायचं, आपण हातात पावडर घ्यायची, "आ कर बाळा" म्हणायचं, आणि सगळ्यांनी लोळून हसायचं. वाटायचं, आपल्यासारखी हुशार पोरगी अख्ख्या पार्ल्यात नाही. त्या बाईंचा कुत्रा म्हातारा होईपर्यंत कुडुमकुडुम हाडं चावत होता, हे मात्र मी सोयीस्कर विसरले होते.

मुलुंडच्या डॉक्टरांकडे दातांचा एक्स-रे काढायचं मशीन नव्हतं. ते म्हणाले, प्राण्यांच्या दातांचंच काम करणारी एक डॉक्टर अंधेरीला आहे, तिच्याकडे जा. तुमच्यावर अशी वेळ आली तर हे लक्षात ठेवा. साध्या दवाखान्यात दात साफ करून मिळतील, पण मुळाशी काय शिजतंय ते एक्स-रेशिवाय कुणालाच दिसत नाही. आणि मशीन कुठे आहे, ते आपणच विचारत फिरावं लागतं.

अंधेरीची डॉक्टर सईपेक्षा फार मोठी नसेल. तिने आधी रक्त तपासायला लावलं. मला वाटलं, दाताचं दुखणं आणि रक्त कसलं काढताय? पण रिपोर्ट आला तसा तिचा चेहरा उतरला. 'क्रिॲटिनिन' वाढलं होतं. रक्तातला हा कचरा मूत्रपिंडं बाहेर टाकतात. तो वाढला म्हणजे मूत्रपिंडं थकली.

"भूल द्यायला धोका आहे," ती म्हणाली. "पण दात तसेच ठेवले तर ती उपासमारीने जाईल. आत्ता आकडा हाताबाहेर गेलेला नाही. जमेल. उशीर मात्र करू नका."

भूल देणारे डॉक्टर बाहेरून यायचे, ठरलेल्या दिवशीच. तारीख मिळाली ती बऱ्याच पुढची. तोवर वेदनेचं औषध, मिक्सरमधून काढलेलं मांसाचं पाणी, आणि वाट बघणं. वेदनेचं औषध डॉक्टरनेच दिलेलं द्या बरं का. माणसांची गोळी अर्धी करून देऊ नका, लवंगेचं तेल लावू नका, मांजर त्यानेच मरते. हे दोन मूर्खपणे माझ्या हातून व्हायचे राहिले, ते केवळ सईने औषधांच्या कपाटाची किल्ली स्वतःकडे ठेवली म्हणून.

सूचना स्पष्ट होती. आदल्या रात्रीनंतर पोटात अन्न नको, पाणी चालेल. सईने फ्रिजवर कागद चिकटवला होता. मी तो वाचला होता. मला वाचता येतं.

पण आमच्या घरातून महत्त्वाच्या कामाला कुणी निघालं, की हातावर दही ठेवल्याशिवाय मी उंबरा ओलांडू देत नाही. मुलाच्या परीक्षा, सईची पहिली नोकरी, आमच्या ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं दह्यावर पार पडलं. त्या सकाळी सई आंघोळीला गेली होती. मुडदुशी पायात घोटाळत होती. मी म्हटलं, शकुनापुरतं एक बोट. साखर न घालता.

तिने ते चाटलं. फिस्कारली नाही. थंड दही तिच्या सोललेल्या तोंडाला बरं वाटलं असावं. तिने माझ्याकडे मान वर करून बघितलं आणि म्याव केलं. किती आठवड्यांनी तिने स्वतःहून काही मागितलं होतं! मी वाटी पुढे केली. तिने वाटी चाटून लख्ख केली, आणि मी अशी खूश, जशी काही मीच तिला बरी केली.

अंधेरीला पोचलो. डॉक्टरने विचारलं, "काही खाल्लं नाही ना?" सई म्हणाली, "नाही." मी भिंतीवरचं मांजरीच्या जबड्याचं चित्र बघत होते. डॉक्टर इंजेक्शन भरायला लागली, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "दही खाल्लंय."

"किती?"

"वाटीभर."

तिने सिरिंज खाली ठेवली. "सांगितलंत ते बरं केलंत. भुलीत उलटी झाली असती तर ती फुफ्फुसात गेली असती. पण आज आता नाही करता येणार."

"मग उद्या?"

"उद्या भूलवाले डॉक्टर नाहीत, आजी."

अंधेरीहून मुलुंडला रिक्षाने निघालो, मांजरीची पिशवी सईच्या मांडीवर. पवईला ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा मी म्हटलं, "सई, ओरड गं माझ्यावर." तिने पिशवीची चेन थोडी उघडली, आत हात घातला आणि मांजरीला कुरवाळत बसली.

पुढची तारीख येईपर्यंत मुडदुशीने दहीसुद्धा सोडलं. रक्त पुन्हा तपासलं, आकडा चढला होता. मग मुलुंडच्या दवाखान्यात रोज सलाईन. तिथल्या बाकड्यावर माझ्या शेजारी कुणी पिल्लाला लस टोचायला आलेलं असायचं, कुणी कुत्र्याची नखं कापायला. मला त्या सगळ्यांचा रागराग यायचा. मनात यायचं, यांची वाट का नाही लागली? असे विचार येतात. तुम्हालाही येतील. कुणाला सांगू नका, पण येतात.

शेवटी अंधेरीची डॉक्टर म्हणाली, "आता सगळे दात काढण्याइतका वेळ तिला भुलीत ठेवता येणार नाही. सर्वांत दुखणाऱ्या दाढा तेवढ्या काढते. निदान वेदना कमी होईल. पण ती उठेलच, असं मी सांगत नाही."

संमतीची सही सईने केली. मी पेन मागितलं, तिने दिलं नाही.

मुडदुशी उठली. गळ्याभोवती प्लॅस्टिकची कॉलर, डोळे कुठेतरी भलतीकडेच. दोन दिवसांनी सईने उकडलेल्या कोंबडीची पेज तिच्यापुढे ठेवली. ती आली, हुंगलं, तोंड लावलं आणि मागे सरकली. मग ती पुन्हा पुढे झाली आणि खात राहिली. फिस्कारली नाही, पळाली नाही. कॉलरीत पेज सांडत सांडत जेवली. सई तिथेच फरशीवर बसून रडली. मी रडले नाही, कारण मला तो आवाज ऐकायचा होता, चपचप चपचप.

तो आठवडा तिने सुखाने खाल्लं. मग मूत्रपिंडांनी हात टेकले. पुन्हा सलाईन लावलं, पण आकडा खाली आला नाही. वॉशिंग मशीनवर तिची जागा होती, तिथेच एका दुपारी ती गेली. सईचा हात तिच्या पोटाखाली होता.

नंतर मी अंधेरीच्या डॉक्टरला फोन करून विचारलं, की त्या दिवशी दही दिलं नसतं तर?

"मला माहीत नाही, आजी," ती म्हणाली. "मूत्रपिंडं आधीपासूनच आजारी होती. थोडे जास्त दिवस मिळाले असते, इतपत म्हणता येईल."

तिने माझं मन राखायला खोटं सांगितलं नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे. त्या आठवड्याभराच्या चपचप आवाजाबद्दल तर आहेच. पण खोटं कशाला बोलू, मला अजून सकाळी दही नको वाटतं. लोक म्हणतात, मांजरच ती, होतं असं.

तुम्हाला एवढंच सांगते. घरात मांजर असो वा कुत्रा, महिन्यातून एकदा त्याचा ओठ वर करून बघा. तोंडाला वास आला तर त्याने काय खाल्लं याचा तपास करू नका, डॉक्टर गाठा. वर्षाकाठी दात तपासून घ्या, म्हातारं असेल तर रक्तही. आणि डॉक्टरने उपाशी ठेवा म्हटलं, तर घरातल्या आजीला त्या सकाळी देवळात पाठवून द्या.

मुडदुशी गेल्यावर पंधरवड्याने मी तिची ताटली घासून फळीवर पालथी घालत होते. सई ऑफिसला निघाली होती. दाराशी चपला घालता घालता थांबली, ताटलीकडे बघितलं आणि म्हणाली, "आजी, परत मांजर आणायचं नाही हं. आणि आणलंसच, तर खायला मी घालणार. तू नुसते लाड करायचे."