मऊ चाक

सावकाशला त्याचं खरं नाव विचारलं, तर त्याला क्षणभर आठवावं लागे. डायलिसिसच्या पेशंटना घरून दवाखान्यात न्यायचं आणि गळून गेलेल्यांना परत घरी सोडायचं, हे त्याचं काम. गाडी इतकी हळू हाके की तेच नाव पडलं. शिवाय मागच्या चाकांत तो मुद्दाम हवा कमी ठेवी. मऊ चाकाला धक्के कमी बसतात, हा त्याचा स्वतःचा शोध. टायरवाल्याने कितीदा कपाळाला हात लावला, पण हा पठ्ठ्या ऐकेल तर शपथ.

त्या सकाळी ते अंगाशी आलं. गाडीत शिवणकाम करणाऱ्या मावशी होत्या. तापामुळे त्यांचं मागचं डायलिसिस चुकलं होतं. पाय सुजलेले, बसल्या जागी धाप. आजचंही चुकलं असतं, तर त्यांचं काही खरं नव्हतं. आणि पुलाच्या अलीकडे गाडी मागून डोलायला लागली. चाकातून हवा सुटत होती, मुळात होतीच किती! स्टेपनी कालच पंक्चरवाल्याकडे टाकलेली. दवाखान्याची दुसरी गाडी गावाबाहेर गेलेली.

त्याने पायाचा पंप काढला. पहाटेपासून गाडीत बसून आखडलेले गुडघे नको म्हणत होते. आत मावशी धापा टाकत होत्या, बाहेर हा. पंपावरचा काटा नेहमीच्या कमी हवेच्या खुणेवर आला तसा त्याचा पाय थांबला.

"थांबलास का रे?" मावशींनी खिडकीतून विचारलं.

"एवढ्या हवेत दवाखाना गाठायचा नाही. आणि आणखी भरली तर तुम्हाला धक्के बसतील."

"धक्के रोजच बसतात," मावशी दम घेत म्हणाल्या. "'बसला का धक्का' असं तू मायेनं विचारायचास, म्हणून 'नाही' म्हणायचे मी. भर पूर्ण."

हसावं की रडावं, त्याला कळेना. एवढ्या वर्षांची शहाणपणाची हवा गेली, आणि वर थकवा तेवढा राहिला. त्याने पुन्हा पाय चालवला.

खड्डे न चुकवता, हाडं खिळखिळी करत गाडी वेळेत पोचली.

परतताना मावशी पांढऱ्याफटक पडल्या होत्या. पहिल्या खड्ड्याला त्याने सवयीने विचारलं, "बसला का धक्का?"

"बसला रे. फार बसला."

त्याने गाडी कडेला घेतली आणि त्या सावरेपर्यंत तिथेच उभी ठेवली.