तोंड फिरवा जी!

मंडळी, खरं सांगते, आज दुपारपासून मी नुसती जळून राहिली आहे.

गढ्याला राहणाऱ्या धाकट्या जावेकडे, संध्याकडे गेली होती. त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर तिनं स्वतः शिकून लिनक्स नावाची फुकट मिळणारी सिस्टीम टाकली. त्यामुळे नवीन काही टाकायचं म्हटलं की लागणारा पासवर्ड फक्त तिलाच माहीत.

आज दिरांना पत्त्यांचा गेम टाकायचा होता. त्यांनी हाक मारली. संध्या पोळ्या सोडून आली, हात पुसले आणि म्हणाली, "तोंड फिरवा जी." दीर चक्क भिंतीकडे तोंड करून उभे राहिले! वरून ही म्हणते, "थांबा, हा गेम आपली काय काय माहिती बाहेर पाठवते, आधी पाहू द्या." ते थांबले पण!

घरी येऊन ह्यांना म्हटलं, मलाही माझा वेगळा पासवर्ड पाहिजे.

हे हसले. "काहून? तुझ्याजवळ लपवण्यासारखं आहे तरी काय?"

काहीच नाही हो. माझा फोनही घरात सगळेच उघडतात. तरी ते भिंतीकडे वळलेलं तोंड डोळ्यांपुढून हलत नाहीये.

बायांनो, तुमच्या घरी तुमच्यासाठी कोणी तोंड फिरवतं का?