नाला मॉनिटरमध्ये मावेना

आमच्या गावच्या सभेत एकजण जरी नाही म्हणाला तरी ठराव होत नाही. हात वर करून मोजायची रीत आमच्याकडे नाही. सगळ्यांचा हो होईपर्यंत बोलत बसायचं. म्हणून सभा लांबते आणि बाया निवडायची भाजी सोबत घेऊन येतात.

त्या दिवशी जंगलाचा नकाशा मंजूर करायचा होता. गावाच्या हक्काचं जंगल कुठपर्यंत, ती रेष त्यात होती. रेषेच्या आत ते आमचं, बाहेर ते नाही. मला एवढंच बघायचं होतं, नाल्याकाठची मोहाची झाडं आत आहेत की नाहीत. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून मी तिथेच मोहाची फुलं वेचते.

आधीच्या सभेत हाच नकाशा लॅपटॉपवर दाखवला होता. पुरुष त्याच्याभोवती असे जमले, की आम्हा बायांना नुसत्या पाठी दिसल्या. एकाचा सदरा काखेत उसवला होता, तेवढा मात्र नीट दिसला. शेवटी सगळे माझ्याकडे वळले, "हो ना, बाई?"

मी म्हटलं, "पाठी पाहून मी हो नाई म्हणत. मोठा पडदा आणा."

म्हणून गुरुजींनी शाळेतला मॉनिटर दिला. मी तो मोहाच्या टोपलीत गोधडीत गुंडाळून डोक्यावर आणला. पुरुषांनी मोटरसायकलवर आणला असता आणि वाटेत पाडला असता.

लॅपटॉप माझ्या सुनेचा. ती ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर चालवते. घरी भात करपवते, पण ते असो.

पहिली अडचण पिनेची. मॉनिटरच्या पिनेला तीन पाय, समाजभवनाच्या बोर्डाला दोन भोकं.

"एक पाय तोडून टाक ना," अध्यक्ष म्हणाले. अध्यक्ष म्हणजे माझे चुलत दीर.

"तुमचाच तोडते, भाऊजी," मी म्हटलं. मग गिरणीवरून दुसरा बोर्ड आणला.

मॉनिटर सुरू झाला, पण काळाच. त्यावर इंग्रजीतले दोन शब्द या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरायला लागले.

"हे काऊन फिरून राह्यलं?"

सून म्हणाली, "त्याले लॅपटॉप सापडून नाई राह्यला."

"समोरच तं ठेवला आहे. आंधळा आहे का तो?"

"आई, तुमी चूप बसा ना जरा."

तिने वायर काढली, फुंकली, परत घातली. तरी शब्द फिरतच होते. मग तिला सुचलं, की शाळेत हा मॉनिटर वेगळ्या वायरीने जोडलेला असतो आणि तो अजून तिकडचीच वाट बघत बसला आहे. मॉनिटरच्या बुडाशी बारीक बटणं होती. ती दाबून तिने त्याला आपली वायर दाखवली, आणि एकदम रंगीत चित्र आलं. पांढरा पहाड, खाली निळंशार पाणी.

सगळे पुढे सरकले.

"आपला तलाव इतका मोठा आहे?" एकाने विचारलं.

"वरून मोठाच दिसते," अध्यक्ष म्हणाले. "पहाड पण आला. बरं झालं. तं मग मंजूर?"

पाचसहा जण हो म्हणालेसुद्धा. मी चष्मा पुसला. "भाऊजी, या पहाडावर एक झाड नाई. कोणी तोडले?"

यावर जी चर्चा सुरू झाली ती थांबेना. एक म्हातारा म्हणाला, ठेकेदाराने तोडले, मी तेव्हाच सांगत होतो. दुसरा म्हणाला, तूच तेव्हा त्याच्याकडे कामाला होतास. दोघं उठून उभे राहिले. सून ओरडली, "अजी, हा नकाशा नाई! हे लॅपटॉपवरचं मागचं चित्र आहे!"

नकाशा तिच्या लॅपटॉपवरच उघडलेला होता. मॉनिटरला लॅपटॉपने वेगळा पडदा मानलं होतं, त्यामुळे तिकडे नुसता पहाड. दोन्हीकडे सारखंच दिसावं, असं तिने ठरवून दिलं तेव्हा आमचं जंगल आलं. हिरवं, मध्ये गाव, भोवती लाल रेष. पण उगवतीकडची बाजू पडद्याबाहेर कापली गेली होती. नाला तिकडेच आहे.

"नाला कुठी आहे?"

"मावला नाई, वैनी. पडद्याचा दोष आहे. नकाशात असंनच. म्हण ना हो."

"मले जे दिसत नाई त्याले हो म्हणू?"

दीर कपाळाला हात लावून बसले. सुनेने लॅपटॉपवर चित्राचा आकार बदलला. नकाशा आधी बसका झाला, मग उभट, मग भोवती काळी चौकट ठेवून लहान झाला. पण पूर्ण मावला. नाला आला. आणि लाल रेष नाल्याच्या अलीकडून गेली होती. मोहाची सगळी झाडं बाहेर.

मग अध्यक्ष सुनेला म्हणाले, "थोडा अजून सरकव ना."

तिने सरकवला. नकाशाबरोबर रेषही सरकली.

"दुसऱ्या बाजूने ओढून पाह्य. मघाशी कसा पसरला होता तसा."

"काकाजी, मी पडदा सरकवू शकते. रेष मोजणीवाल्या साहेबानं काढली आहे."

"मग एवढं शिकून काय फायदा?"

भाजी खाली ठेवून सगळ्या बाया पडद्याजवळ आल्या. आता पुरुषांना आमच्या पाठी दिसत होत्या. एकीने बोट ठेवून आपली झाडं दाखवली, दुसरीने आपली. सून खेकसली, "काच आहे, बोटं नका लावू!" कोणी ऐकलं नाही.

मी नाही म्हटलं. माझ्यामागे बाया नाही म्हणाल्या आणि त्यांच्यामागे, घरी जेवायचं होतं म्हणून, पुरुष. सुनेने तिथेच ठराव टाइप केला, की रेष नाल्याच्या पलीकडून घ्यावी, तोवर नकाशा नामंजूर. मी चौथी शिकले आहे, वाचायला वेळ लागतो. सगळ्यांना बसवून मी तो पडद्यावर अक्षर अक्षर वाचला. तिने नुसतं 'झाडे' लिहिलं होतं. 'मोहाची' घालायला लावलं, मग हो म्हटलं.

सुधारलेला नकाशा आला तोवर मोहाचा हंगाम उलटून गेला होता. नाला आत आहे. मोह मी तिथलाच वेचला होता, नकाशासाठी थांबले नव्हते.