दुपारी बंद असणारा फ्रिज

त्या फ्रिजच्या मेकॅनिकचा मला आजही राग येतो. इतक्या वर्षांनी तो निवायला हवा होता, पण त्याचं ते हसणं आठवलं की कानशिलं तापतात. राग फक्त त्याच्यावर असता तर बरं झालं असतं.

आमच्या घराण्यातला पहिला फ्रिज मी घेतला तो आईच्या इन्सुलिनसाठी. मी तेव्हा धुळ्यात एका सरकारी कार्यालयात होतो, बायको जिल्हा परिषदेत. आईची साखर गावाकडे आटोक्यात येईना म्हणून एप्रिलमध्ये तिला आणि आबांना मी आमच्या दोन खोल्यांत आणलं. आबा म्हणजे माझे वडील. रावेरकडे त्यांची केळीची बाग. उभा जन्म विहिरीवरच्या मोटरीशी भांडण्यात गेलेला. त्या विहिरीच्या पाण्यावर मी बी.एस्सी. झालो, घराण्यातला पहिला. याची जाणीव मी कधी सोडली नाही, असं मी समजत होतो.

रोज सकाळी बायको काचेची सिरिंज उकळायची, इन्सुलिन द्यायची. मी आईची लघवी परीक्षानळीत निळ्या द्रावणात घालून स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचो. निळं राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तर थोडी साखर, विटकरी झालं तर फार. आबा शेजारी उकिडवे बसून बघायचे. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण ते रंग त्यांनी दोन दिवसांत पाठ केले.

एप्रिल संपता संपता फ्रिज बिघडला. सकाळी सगळं ठीक, बर्फाचा ट्रे टणक. संध्याकाळी आम्ही दोघं कामावरून आलो की ट्रेमध्ये पाणी आणि आतलं दूध कोमट. मी सायन्सचा पदवीधर, लगेच कामाला लागलो. दाराच्या रबरात कागद अडकवून ओढून पाहिला. रबर घट्ट होतं. मागच्या जाळीवरची धूळ ब्रशने झाडली. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. गरम पातेली आत ठेवू नको म्हणून बायकोला दोनदा बजावलं, ती कधीच ठेवत नव्हती तरी. फरक शून्य.

मग मेकॅनिक बोलावला. तो सकाळी आठला आला, फ्रिज धडधाकट चालू असताना.

"थर्मोस्टॅट गेलाय, सर," दार उघडून तो म्हणाला.

आबा खाटेवरून म्हणाले, "भाऊ, दुपारी हिची मोटर घुमते. घुमते, पण उचलत नही."

मेकॅनिकने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. "बाबा, ही विहिरीची मोटर नाही. हिला बैल जुंपायचे नसतात."

तो हसला. आणि मीही हसलो. मोठ्यानं नाही, पण हसलो. आबांनी टोपी सारखी केली आणि खिडकीबाहेर बघत बसले.

त्याने थर्मोस्टॅट बदलला. तो गेल्यावर मी थंडी कमी-जास्त करायचा खटका फिरवून थेट शेवटच्या आकड्यावर नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फाच्या कप्प्याखालची इन्सुलिनची बाटली दगडासारखी गोठली होती. बायको म्हणाली, "अहो, हे बरोबर आहे का?" मी म्हणालो, "अगं, म्हणजे फ्रिज सुधारला!" तिने बाटली ओंजळीत धरून वितळवली आणि आईला इंजेक्शन दिलं.

संध्याकाळी ट्रेमध्ये पुन्हा पाणीच.

त्या आठवड्यात परीक्षानळी रोज विटकरी होऊ लागली. आई खाटेवरून उठली की भिंत धरायची. रात्री चार-पाच वेळा पाणी मागायची. मेकॅनिक पुन्हा आला, पुन्हा सकाळीच. या खेपेला म्हणाला गॅस कमी आहे. गॅस भरला.

मेच्या पहिल्या आठवड्यात आईला जेवताना घेरी आल्याचा शेजारून निरोप आला, म्हणून मी दुपारी दोनला रजा टाकून घरी आलो. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. दार ढकललं तर आई भिंतीकडे तोंड करून निजलेली, आणि आबा फ्रिजच्या कडेला जमिनीवर बसलेले, एक हात मागच्या काळ्या डब्यावर, कंप्रेसरवर. भिंतीवरचं बटण बंद.

"तुम्ही बंद केला?"

"हो."

"रोज करता?"

"रोज. दोन घंटे, तीन घंटे. चार-साडेचारला लावतो पुन्हा. मोटर तापते बाप्पा. तिले दम नको का?"

मग मी जे बोललो ते मला इथे लिहावं लागेल, नाहीतर या लिहिण्याला अर्थ नाही. मी ओरडलो, "ही विहीर आहे का? कळत नाही तर हात कशाला लावता? आईला मारताय तुम्ही! समजतंय का, तुम्ही आईला मारताय!"

शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला. आई उठून बसली. "हळू बोल," एवढंच ती म्हणाली.

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. हात वर करून बटण लावलं. "ऐक," म्हणाले.

फ्रिज घूं करून घुमला. घुमतच राहिला. मग टक्. शांत. मिनिटभराने पुन्हा घूं, पुन्हा टक्. मी दार उघडलं, तर आतला दिवा काडेपेटीच्या काडीएवढा. वर बघितलं, पंखा पाती मोजता येतील इतका सावकाश फिरत होता. दुपारी साऱ्या गल्लीचे कूलर चालू, व्होल्टेज पडलेलं. कंप्रेसर सुरूच होऊ शकत नव्हता. आबांनी बटण बंद केलं नसतं तर तो केव्हाच जळला असता.

ओहमचा नियम मी आजही झोपेत सांगू शकतो. सुट्टीच्या दिवशी त्या संथ पंख्याखाली वारा लागत नाही म्हणून मी कितीदा कुरकुरलो होतो. पण पंखा आणि फ्रिज एकाच तारेवर आहेत हे माझ्या डोक्यात आलं नाही.

"मला सांगितलं का नाही?" मी विचारलं. आवाज अजून चढलेलाच होता, खाली आणता येत नव्हता.

"सांगतलं व्हतं," आबा म्हणाले.

संध्याकाळी आईला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी इन्सुलिनची बाटली उजेडासमोर धरली. काचेला आतून पांढरे कण चिकटले होते. "ही गोठली होती का?"

बायको माझ्याकडे बघू लागली. मी हो म्हणालो.

"गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं असतं. नंतर वितळलं तरी ते कामाचं नसतं. हे पाणी टोचल्यासारखं झालं."

म्हणजे आईला त्रास झाला तो माझ्या हातानं फिरवलेल्या खटक्यामुळे.

मी तिथून थेट मेकॅनिकच्या दुकानात गेलो. अंगाचा भडका उडाला होता. "दोनदा आलात. एकदा तरी मीटर लावून व्होल्टेज बघितलंत? एकदा तरी दुपारी आलात?"

"सर, दुपारी ऊन किती असतं," तो म्हणाला. वर म्हणतो, "स्टॅबिलायझर लावा ना. आधी बोलला असता तर तेव्हाच दिला असता."

मी त्याच्या टेबलावर हात आपटला. त्याच्या चहाचा ग्लास लवंडला. त्याने शांतपणे फडकं घेतलं. स्टॅबिलायझर मी दुसऱ्या दुकानातून आणला, व्होल्टेज दाखवणाऱ्या काट्याचा, आणि नवी बाटली खालच्या कप्प्यात दाराजवळ ठेवली. खटका मधल्या आकड्यावर आणला.

आबा रोज दुपारी त्या काट्यासमोर बसू लागले. काटा फारच खाली गेला की बटण बंद करायचे, आणि बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ओल्या फडक्यातल्या छोट्या माठात ठेवायचे. माठाची युक्ती डॉक्टरांनीच सांगितली होती. माझ्याशी ते कामापुरतं बोलत. मीही.

पाच-सहा दिवसांनी नळी हिरव्यावर आली. त्यानंतर एका रविवारी दिव्यावर उकळी फुटली तरी निळीच राहिली. आबा नेहमीसारखे शेजारी उकिडवे होते.

"आबा," मी म्हणालो, "दवाई माझ्यामुळे खराब झाली होती. तुमच्यामुळे नाही."

"सुनेनं सांगतलं मले."

"त्या मेकॅनिकला मी सोडलं नाही. चांगला झापला दुकानात."

आबांनी नळी माझ्या हातातून घेतली, खिडकीशी धरली, निळा रंग नीट बघितला.

"त्याले कायले झापलं?" ते म्हणाले. "तू बी हसला व्हता ना."

तेवढ्यात वरचा पंखा मंदावला. त्यांनी नळी माझ्या हातात दिली आणि काटा बघायला उठले.