ऐकून गाडी हाकणारा

रेल्वेच्या कामासाठी एकदा झाशीहून मोठ नावाच्या गावाजवळच्या एका खेड्यात जायचं होतं. भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर सत्तरीचा, ताठ बसणारा. मी पुढे बसायला गेलो, तसा तो नम्रपणे म्हणाला, "पीछे बैठिए, भैया."

वाटेत कळलं, तीस वर्षं तो मोटारींच्या शर्यतींत उतरत होता. शेजारी बसलेला जोडीदार वहीतून पुढची वळणं वाचायचा आणि हा नुसता त्याच्या आवाजावर गाडी हाकायचा.

बोलता बोलता तो मध्येच थांबे, मान किंचित डावीकडे कलती करी आणि वेग बदली. खेड्याच्या रस्त्यावर, भर दुपारी, एका वळणाआधी त्याने करकचून ब्रेक दाबला. सावकाश वळण घेऊन पाहतो तो भुशाची ट्रॉली रस्त्यात आडवी उलटलेली.

मी विचारलं, "आपको कैसे पता चला?"

"मुझे कहाँ पता था? उसने बताया."

"किसने?"

"जोड़ीदार ने. रेस में एक ही बार उसकी बात नहीं मानी थी. उसी मोड़ पर वो चल बसा."

एवढं बोलून तो ट्रॉलीवाल्याला हात द्यायला उतरला. गाडीत मी एकटाच होतो, तरी पुढच्या रिकाम्या सीटकडे पाहून खोकायचासुद्धा मला धीर होईना.